खुंटीला टांगलेल्या सवयी: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

तब्येतीसाठी छोट्या सवयी लावायच्या आणि रोज त्यांची नोंद ठेवायची, उद्यापासून सुरुवात. मोबाइलवरचं अ‍ॅप मुद्दाम घेतलं नाही, साधी वही घेतली. आईलाही खुणा करायच्या आहेत, आणि वही दोरीने फ्रिजला अडकवली की येता-जाता नजरेला पडते.

निमित्तं दोन. मागच्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा माझा रक्तदाब १४२/९० निघाला. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही. घरी नीट मोजून आकडे आणा, मग ठरवू, म्हणाले. दुसरं निमित्त आई. ती ७३ वर्षांची आहे. गेल्या तीन महिन्यांत खुर्चीतून उठताना दोनदा तिचा तोल गेला. दोन्ही वेळा हाताशी टेबल होतं म्हणून निभावलं. रक्तदाबापेक्षा त्या दोन प्रसंगांनीच मी जास्त हादरले.

व्यायामाचे संकल्प आधीही केलेत. दर वेळी त्यासाठी दिवसातून एक नवा तास काढावा लागायचा, आणि कामाचा ताण आला की पहिला तोच तास जायचा. म्हणून या वेळचा नियम असा की नवी वेळ काढायची नाही. दात घासणं, ताट उचलणं, औषध घेणं, दिवा मालवणं ही कामं आम्ही कितीही घाई असली तरी करतोच. त्या आमच्या खुंट्या. एका खुंटीला एकच छोटी सवय टांगायची, आणि ती अंगवळणी पडायला लागली की मगच पुढची.

खुणा तीन प्रकारच्या. आपोआप झालं तर 'आ', कोणी आठवण केल्यावर झालं तर 'ठ', झालंच नाही तर चौकट कोरी. या वहीत मला मोजायचेत ते 'आ'.

६ जानेवारी, सोमवार

पहिली खुंटी दात घासणं, टांगलेली सवय रक्तदाब मोजणं.

आज सकाळी यंत्र लावलं आणि आईशी बोलत बोलतच बटण दाबलं. १४८/९१. छातीत धस्स झालं. मग यंत्रासोबतचं माहितीपत्रक शांतपणे वाचलं. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या उंचीला टेकवलेला. लघवीला जाऊन यायचं. आधी अर्धा तास कॉफी नाही. मोजताना बोलायचं नाही. यातल्या निम्म्या गोष्टी मी केल्या नव्हत्या. सगळं नीट करून पुन्हा मोजलं, मिनिटभर थांबून आणखी एकदा. १३७/८७ आणि १३५/८६.

म्हणजे निव्वळ बोलण्या-बसण्यातून दहा-बारा अंकांचा फरक. चुकीचं मोजून घाबरणं आणि चुकीचं मोजून निर्धास्त होणं, दोन्ही वाईट. आता सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस मोजायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची.

१३ जानेवारी, सोमवार

आठवड्याची सरासरी १३६/८६. घरी मोजलेल्या सरासरीसाठी १३५/८५ ही वरची रेघ मानतात. मी त्या रेघेच्या किंचित पलीकडे आहे.

मोजण्याआधीची पाच मिनिटं मला आवडायला लागलीत, याची मात्र कल्पना नव्हती. हातात काही नाही, कोणी बोलत नाही. दिवसभरात एवढी निवांत वेळ मला दुसरी मिळत नाही. रोज मोजायची आता गरज नाही, पण ही पाच मिनिटं चालू ठेवणार.

आजपासून दुसरी खुंटी, रात्रीचं ताट उचलणं. ताट धुऊन जागेवर गेलं की चपला घालायच्या आणि दहा मिनिटं चालायचं. जेवणानंतरच का, तर त्या वेळी रक्तातली साखर वर चढत असते. काम करणारे स्नायू ती साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, त्यामुळे चढ कमी राहतो. शिवाय जेवण झालं की मी थेट सोफ्यावर बसते, आणि एकदा बसले की उठत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. माझी होतील ७०. त्याच शिफारशींत असंही म्हटलंय की थोडी हालचाल अजिबात नसण्यापेक्षा चांगली. सध्या त्या वाक्यावर माझी भिस्त आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

चालणं चार दिवस झालं. चारही दिवस 'ठ'. आठवण आईची. ती स्वतः येत नाही, पण दार उघडून उभी राहते.

बहिणीने फोनवर विचारलं, "दहा हजार पावलं होतात का?" तिला सगळं सांगितलं. दहा हजार हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लक्षात राहिलं आणि आकडा जगभर गेला. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या साडेसोळा हजारांहून जास्त स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. नुसत्या निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही हे खरं. तरी आईच्या वयाच्या बाईसमोर दहा हजार ठेवणं म्हणजे तिला पहिल्याच दिवशी नापास करणं. ४,४०० हा आकडा तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "एवढं तर मी घरातच चालत असेन." असेलही. मोजू.

२० जानेवारी, सोमवार

आज आईची सवय सुरू. आधी तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. तोल जातोय म्हणून घरच्या घरी व्यायाम सुरू करणं मला बरोबर वाटलं नाही. त्यांनी झोपून आणि उभं राहून असा दोनदा रक्तदाब घेतला, सगळी औषधं पाहिली, आणि झोपेच्या एका गोळीचा डोस कमी केला. मांड्यांमधली ताकद कमी झालीय, म्हणाले.

घरी येऊन चाचणी घेतली. खुर्ची भिंतीला टेकवलेली, हात छातीवर फुली घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. या वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमत असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. आईला जमलं आठ. सातव्या वेळी तिचे गुडघे आत वळले आणि चेहरा लाल झाला. मी थांब म्हणाले, तिने ऐकलं नाही. आठवं पूर्ण करूनच बसली.

खुंटी तिनेच निवडली. सकाळ-संध्याकाळच्या औषधाआधी पाच वेळा उठायचं आणि बसायचं. बसताना धपकन नाही, तीन मोजत सावकाश. खरी मेहनत बसतानाच होते.

औषधासोबत पूर्ण पेलाभर पाणी हेही जोडलं. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे तहान लागली की पिईन हे तिच्या बाबतीत पुरेसं नाही. माझ्यासाठी पाण्याची वेगळी सवय लावलेली नाही, मला तहान नीट लागते. आठ पेल्यांचा नियम सरसकट सगळ्यांना लावण्यात अर्थ नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवून देतात. आईचं विचारून घेतलं होतं.

२७ जानेवारी, सोमवार

तिसरी सवय फसली. का फसली ते नीट लिहून ठेवते.

स्क्रीनसमोर काम करताना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट, म्हणजे साधारण सहा मीटर, लांब पाहायचं. स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. सवय चांगली आहे यात शंका नाही. पण आठवडाभरात एकही 'आ' नाही. गजराने आठवण केली तर दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा गजर बंद करून काम पुढे चालू. दर वीस मिनिटांनी ही खुंटीच नाही. त्या क्षणी माझ्या दिवसात काहीच घडत नसतं, मग सवय अडकवायची कशाला?

बदल असा की फोनवरचं बोलणं संपलं की उठून खिडकीपाशी जायचं आणि लांबचं झाड पाहायचं. दिवसाला माझे आठ-दहा फोन होतात. नियम ढिला झाला, पण घडण्याची शक्यता वाढली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आईच्या पानावर सलग पाच 'आ'. माझ्या चालण्यात सातपैकी तीन. खिडकी रोज निदान चार वेळा.

आजपासून झोप. प्रौढ माणसाला सात तास किंवा जास्त झोप हवी. माझी सहाच्या आसपास होते. उशीर कशाने होतो हे मला पक्कं माहीत आहे. उशाशी चार्ज होणारा फोन. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहण्यापेक्षा शरीराला दिवस की रात्र हे कळवण्याचं काम करतात, आणि त्या निळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. पण खरं सांगायचं तर प्रकाशापेक्षा मला त्यावरचं वाचन जागं ठेवतं. एका बातमीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. अंथरुणात मन गुंतलं की झोपेची वेळ निघून जाते.

म्हणून चार्जर बाहेरच्या खोलीत नेला. खुंटी म्हणजे तिथला दिवा मालवणं. दिवा बंद करण्याआधी फोन चार्जरला. शेवटची कॉफी पाचऐवजी दोनला. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. पाचला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफिन रात्री दहालाही माझ्यात असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गजर फोनमध्ये होता, फोन बाहेर होता. उठायला पाऊण तास उशीर. कपाटातून घंटीचं जुनं घड्याळ काढलं, सेल बदलला. चालतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

८ ते १३ तारखेचं माझं पान पूर्ण कोरं. ताप, अंगदुखी, घसा. आधी हा आजार आईला लागू नये याचीच चिंता होती. वेगळी खोली, मास्क, आणि दारापाशी साबण. वीस सेकंद, नखं, बोटांच्या फटी, अंगठे. तिला लागण झाली नाही.

आज वहीकडे पाहिलं तर मन खट्टू झालं. सहा कोऱ्या चौकटी. पूर्वी इथेच सगळं सुटायचं, कारण परत सुरू करायचं म्हणजे पुन्हा पूर्ण ताकदीने, असं वाटायचं. या वेळी ताट धुतलं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि परतले. दोन मिनिटं. अंगात त्याहून जास्त त्राण नव्हतं. चौकटीत 'आ' लिहिला, कारण चपला घालायला कोणी सांगितलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईने तिच्या मनाने एक भर घातली. दात घासताना एका पायावर उभं राहायचं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं, आणि ती ते न्हाणीघरातल्या बेसिनपाशी करत होती. मी पाहिलं तेव्हा खालची फरशी ओली होती. माझा आवाज चढला. नंतर वाईट वाटलं.

तोल सांभाळण्याचा सराव तिला हवाच आहे, पण ओल्या फरशीवर नाही. जागा बदलली. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, दोन्ही हातांची बोटं ओट्यावर टेकवून, एक पाय जरासा उचलून दहा मोजायचे, मग दुसरा. पायाखाली कोरडी फरशी, मागे खुर्ची. खुंटी म्हणजे पाणी उकळायला ठेवणं. ते उकळेपर्यंत तिला तिथे उभं राहावंच लागतं.

डाव्या पायावर तिला दहा जमतात, उजव्यावर सहा. सहाव्या आकड्याला घोटा थरथरतो आणि पावलाची बोटं जमीन घट्ट धरू पाहतात. मी शेजारी उभी होते, हात तिच्या पाठीपासून चार बोटांवर, न लावता. लहानपणी सायकल शिकवताना तिचा हात माझ्या पाठीशी असाच असायचा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मीठ. ही सवय लावायची नाही, काढायची आहे, म्हणून खुंटीची पद्धत इथे उलटी. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली वरच्या फळीवर गेली. हवं तर उठून घ्यावं लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा चमचा जेमतेम सपाट भरेल इतकं. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. आज वजनकाट्यावर ५ ग्रॅम काढून बशीत ठेवलं आणि दोघींनी पाहिलं. त्यात सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं यायला हवं, पाकिटातल्या खाण्यासकट. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. मी दुपारी कामाच्या टेबलावर जे पाकीट फोडते त्यात १.८ ग्रॅम निघालं. ते आणणं बंद.

दोन-तीन आठवड्यांत जिभेला कमी मीठ पटायला लागतं म्हणतात. सध्या तरी सगळं मिळमिळीत लागतंय.

१२ मार्च, बुधवार

वही सुरू होऊन आज ६६ वा दिवस.

हा आकडा मुद्दाम मनात धरला होता. सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, सगळंच आलं. प्रत्यक्ष मोजणी केली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी प्रत्येकी एक सवय निवडली आणि ८४ दिवस नोंदी केल्या. आपोआपपणा स्थिरावायला मध्यम आकडा आला ६६ दिवसांचा, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. यातला २५४ अर्थातच पुढचा कल धरून काढलेला. व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तरी घडी मोडली नाही. माझे सहा चुकले होते, पण त्या अभ्यासाने मला १४ तारखेला चपला घालायचं बळ दिलं.

माझा गेल्या आठवड्याचा हिशेब असा. सकाळची पाच मिनिटं सातपैकी सात. चालणं पाच. फोन बाहेर सहा. खिडकी आता मोजत नाही, बोलणं संपलं की पाय आपणहून वळतात. आईच्या सगळ्या चौकटी भरलेल्या. तिला कोणी १८ दिवसांचं माणूस म्हणायला हरकत नाही.

२४ मार्च, सोमवार

गेले सात दिवस पुन्हा सकाळ-संध्याकाळ मोजलं. सरासरी १२९/८१. आज आकड्यांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. गोळी नको, तीन महिन्यांनी परत या, म्हणाले. चालण्याने किती उतरला, मिठाने किती, झोपेने किती, हे वेगळं काढता येणार नाही. एका माणसाच्या वहीतून ते कळत नाही आणि मला तसा दावाही करायचा नाही. गोळी लागली असती तर घेतली असती. ती न घेण्यासाठी हा खटाटोप नव्हता.

घरी आल्यावर आईची तीस सेकंदांची चाचणी. अकरा. गुडघे सरळ. अकरावं झाल्यावर तिने विचारलं, "अगं, वेळ संपली का? अजून होतंय मला." मी घड्याळ तिच्याकडे वळवून दाखवलं आणि मग मला तिथेच खाली बसावं लागलं, डोळे भरून आले होते.

२ एप्रिल, बुधवार

काल रात्री काम लांबलं. साडेनऊला जेवले, ताट धुतलं, आणि डोक्यात अजून त्या कामाचाच गुंता होता. दाराशी गेले तर आई चपला घालून उभी. ती याआधी कधी आली नव्हती.

"येतेस ना?" म्हणाली.

सावकाश गेलो. वळणावर तिने माझा दंड धरला, पुढे सोडला. दहाची पंधरा मिनिटं झाली. परतल्यावर ती वहीकडे गेली, तिच्या पानावर चालण्याचा रकाना नव्हता म्हणून पट्टीने नवा आखला आणि पहिल्या चौकटीत 'आ' लिहिला.

उद्याची कामं: बोळातला दिवा मंद आहे, जास्त उजेडाचा लावायचा. पायपुसणं घसरतं, त्याखाली रबराची जाळी. आईच्या चपलांचे तळ गुळगुळीत झालेत, नवीन घ्यायच्या.